माळाला ओसाड म्हणणारा तो मेसेज

मृग जवळ आला की तो मेसेज जागा होतो. यंदा मला तो तीन ग्रुपवर आला, एकदा तर सख्ख्या मामांकडून. मजकूर थोडक्यात असा: ‘पुणे-सोलापूर रस्त्यालगत हजारो एकर माळरान ओसाड पडलंय. एके काळी तिथं घनदाट जंगल होतं, ते मेंढ्यांनी खाल्लं. आंब्या-जांभळाच्या बिया साठवा, प्रवासात खिडकीतून फेका. एक झाड चार माणसांना प्राणवायू देतं. पशुपक्षी परत येतील. पुढे पाठवा.’

मामांचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकलेलं आहे.

‘ओसाड पडलंय.’ हे बहुतेक एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या काचेतून बघून लिहिलेलं असावं. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी ही माळावरची गवतं पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात फुटतात, गौरी-गणपतीपर्यंत गुडघ्याला लागतात आणि दिवाळीनंतर पिवळी पडतात. पिवळं म्हणजे मेलेलं नव्हे, जीव मुळांत असतो. झाडाचा वाढता कोंब शेंड्याला असतो, गवताचा जमिनीलगत. म्हणून मेंढीनं वरून कुरतडलं तरी ते पुन्हा फुटतं. ‘पडीक’ हा शब्दच मुळात महसुलाचा: जिच्यावर सारा बसत नाही ती जमीन पडीक. इंग्रज गेले, तरी सरकारी नकाशांत झुडपी माळ अजून पडीकच्याच रकान्यात जातो.

‘पशुपक्षी परत येतील.’ ते गेले कुठं होते? इथं जरा थांबून हिशोब करू. अंगावर पडणाऱ्या उन्हातला जेमतेम एखादा टक्का वनस्पती पकडतात. झाड त्यातला मोठा वाटा लाकडात घालतं, आणि लाकूड खाणारे कोण, तर वाळवी, भुंगेरे, बुरशी. गवत लाकूड करत बसत नाही. त्याची कमाई पात्यात आणि मुळांत जाते, आणि पातं नाकतोड्यापासून चिंकाऱ्यापर्यंत सगळ्यांना खाता येतं.

पुढची गंमत रेमंड लिंडेमन या अमेरिकी तरुणानं 1942 साली एका तळ्याच्या अभ्यासातून मांडली. खाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जाताना ऊर्जा प्रत्येक पायरीला गळते. ढोबळमानानं दहातला एक भाग पुढं पोचतो. गवतात 10,000 भाग ऊर्जा असेल तर ते खाणाऱ्या ससा-चिंकाऱ्यांच्या अंगी 1,000 लागते आणि त्यांना खाणाऱ्या लांडग्याच्या वाट्याला 100 उरते. बाकीची धावण्यात, श्वासात, अंगाच्या उबेत जाते आणि परत येत नाही. लेंडी-शेणातून खत मातीला परत मिळतं, ऊर्जा मिळत नाही. ती रोज नव्यानं उन्हातून घ्यावी लागते.

चिंकाऱ्यासारख्या गरम रक्ताच्या प्राण्यात ही गळती दहाच्या नियमापेक्षाही जास्त, कारण ऊब राखायलाच फार खर्च होतो. नाकतोड्याला तो खर्च नाही, म्हणून खाल्लेल्यातला बराच जास्त भाग त्याच्या अंगी लागतो. मध्य आशियातून भोवत्या हे शिकारी पक्षी हिवाळ्यात आपल्या माळांवर उतरतात ते ह्या तयार शिध्यासाठीच.

म्हणून लांडग्याच्या एका कळपाला मैलोन्‌मैल माळ लागतो. त्याच्या मधोमध चर खणून गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची) लागवड केली, की गवत तुटतं आणि पहिला फटका वरच्या पायरीला बसतो. ह्या गिरिपुष्पाचं दुसरं नाव उंदीरमारी, म्हणजे त्याच्याखाली उंदरांचीही सोय होत नाही हे आलंच. चंडोल, धाविक, माळढोक हे जमिनीवर अंडी घालणारे आणि लांबवर बघत जगणारे पक्षी. त्यांना झाडी म्हणजे आडोसा नाही, शिकारी पक्ष्याला बसायला दिलेला मचाण आहे. सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 सालचं. आज तिथं माळढोक दिसणं हीच बातमी होते. लागवड हे त्याचं एकमेव कारण नव्हे, पण कारणांच्या यादीत ती आहे.

‘एके काळी जंगल होतं, मेंढ्यांनी खाल्लं.’ सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस आधीच अडतो. सोलापूरकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, खाली मुरूम. पंधराव्या शतकातल्या कान्होपात्रेनं पंढरपुरात देह ठेवला त्या जागी झाड उगवल्याची कथा आहे. ते झाड वडा-पिंपळाचं नाही, तरटीचं. तरटी हे कोरड्या माळावरचं काटेरी झाड. कथेला पुरावा म्हणू नका हवं तर, पण सांगणाऱ्याच्या डोळ्यापुढं कोणता मुलूख होता ते तिच्यातून दिसतंच. अतिचराई होते, हे खरं. ती होते ती चरायचे माळ कुंपणात गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर सगळी खिल्लारं गोळा होतात म्हणून. चालता धनगर एका जागी राहत नाही, आणि त्याच्या मेंढ्या रानात बसवायला शेतकरी आजही दाणागोटा देतो.

‘चार माणसांना प्राणवायू.’ हवेत 21 टक्के प्राणवायू आहे, तो युगानुयुगांचा साठा आहे. गवतही दिवसा प्राणवायू सोडतंच. पुढं.

राहिल्या खिडकीतून फेकायच्या कोयी. उथळ मुरमात, साडेपाचशे मिलिमीटरवर, राखणीशिवाय आंबा? पहिल्या उन्हाळ्यातून वाचलाच तर शेळी आहे. मामांना मी कळवलंय की कोयी परसात लावा, चार बादल्या पाणी घाला, आणि ऑक्टोबरात माझ्याबरोबर सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे बघायला चला. त्यांचा अंगठा आलाय. मेसेज मात्र अजून डिलीट केलेला नाही.