मिशन दवाखान्यात जाऊ पाहणाऱ्या मुलांवरचे आरोप आणि त्यांची उत्तरं

सध्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: मिशनच्या दवाखान्यात काम करायची स्वप्नं बघणारा मेडिकलचा विद्यार्थी म्हणजे गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला धर्मप्रचारक. शहरात ज्याची प्रॅक्टिस चालणार नाही तोच तिकडे जातो. पैसा परदेशातून येतो. औषध देऊन आदिवासींचा धर्म काढून घेतात. खरीच सेवा करायची असेल तर सरकारी केंद्रात जा.

माझी भाची एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याच्या ख्रिस्ती दवाखान्यात काम करायचं आहे. हे आपल्याला देवाकडून झालेलं पाचारण आहे असं ती मानते आणि मीही मानते. हा मेसेज तिला तिच्याच वर्गातल्या मुलांनी पाठवला. तिनं उत्तर दिलं नाही. मला गप्प बसवत नाही.

शहरात जमत नाही म्हणून जातात, हा आरोप सगळ्यात पोकळ आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको, दोघंही तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून ते परतले आणि १९७० साली जामखेडला जाऊन राहिले. त्या काळातलं दुष्काळी जामखेड ज्यांना आठवतं, त्यांनी सांगावं की तिथे कुणी नाइलाजानं जाईल का. ज्या कॉलेजात ते शिकले ते उभारणाऱ्या आयडा स्कडर १८९९ साली कॉर्नेलमधून डॉक्टर झाल्या होत्या. त्यांना न्यूयॉर्कमध्ये राहता आलं असतं. त्या वेल्लोरला आल्या, कारण तिकडच्या घरांतल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नव्हत्या आणि बाळंतपणात मरत होत्या.

आता धर्मांतर. हा आरोप मला झटकून टाकायचा नाही, कारण त्याच्या मुळाशी खरा इतिहास आहे. आनंदीबाई जोशींच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी १८८० च्या सुमारास रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. उत्तर काय आलं? ख्रिस्ती व्हायला तयार असाल तर मदतीचं बघू. मराठी माणूस ही गोष्ट विसरलेला नाही आणि विसरूही नये. हाच वाइल्डर कोल्हापूर मिशनचा संस्थापक. कोल्हापुरात जन्मलेला त्याचा मुलगा रॉबर्ट १८८६ नंतर अमेरिकेतल्या कॉलेजांतून विद्यार्थ्यांना परदेशी मिशनसाठी वचनबद्ध करत फिरला, आणि त्या चळवळीचं घोषवाक्यच होतं, याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता. जुन्या मिशन दवाखान्यांत तपासणीआधी बायबलचा पाठ वाचला जाई. हे सगळं झालेलं आहे.

पण त्याच कोल्हापूर मिशनच्या परंपरेत पुढे विल्यम वानलेस आले. १८८९ साली ते भारतात पोचले आणि १८९४ साली मिरजेचं इस्पितळ उभं राहिलं. त्यासाठी जागा दिली मिरजेच्या संस्थानिकांनी. पटवर्धनांचं घराणं धर्माच्या बाबतीत भोळं होतं असं कुणी म्हणणार नाही. वानलेस धर्मप्रचारक होते हे त्यांना ठाऊक होतं, तरी शहराला सर्जन हवा होता. पुढे सगळ्या जातिधर्मांची माणसं गाड्या भरून मिरजेला आली, डोळे आणि पोट दाखवून घरी गेली आणि आपापल्या देवाला नारळ फोडत राहिली. 

आकडेही बघू. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक १.०९ टक्के होते, २०११ ला ०.९६ टक्के. यावर लगेच उत्तर येतं की धर्म बदललेले लोक तो लपवतात. काही जण लपवत असतील, हे मी नाकारत नाही. अनुसूचित जातींबद्दलच्या राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, तेव्हा लपवायला कारण आहे. तरीही शंभर-सव्वाशे वर्षं औषधाच्या बदल्यात धर्म घेण्याचा धंदा चालला असता, तर तो इतक्या तोट्यात कुणी चालवला नसता.

माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न आकड्यांचा नाहीच. प्रश्न खाटेवरच्या रुग्णाचा आहे. साप चावलेल्या पोराची आई त्या क्षणी कशालाही हो म्हणेल. तिच्याकडून अशा वेळी श्रद्धेचा शब्द मिळवणं हे पाप आहे, आणि ख्रिस्ती माणसानं ते सर्वांआधी म्हणायला हवं. डॉक्टर नोंदणीच्या वेळी जी प्रतिज्ञा घेतात तिच्यातच आहे की माझं कर्तव्य आणि माझा रुग्ण यांच्या मध्ये धर्म येऊ देणार नाही. राज्यघटनेचं पंचविसावं कलम धर्माचा प्रसार करू देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निकाल आहे. आणि शुभवर्तमान काय सांगतं? लूकच्या सतराव्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी परका मानलेला. न आलेल्या नऊ जणांचा रोग काही परत येत नाही. भाचीला मी हा उतारा वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "मावशी, मला त्या नऊ जणांची डॉक्टर व्हायचंय." तिच्यासाठी येशू हे जाण्याचं कारण आहे. रुग्णाला द्यायच्या बिलात तो नाही.

एखाद्या दवाखान्यात याउलट घडत असेल, तर त्या दवाखान्याचं नाव घेऊन तक्रार करा, मी सोबत येईन. पण त्यासाठी तिसऱ्या वर्षातल्या मुलीला स्टेथोस्कोप अडकवलेली धर्मप्रचारक म्हणायचं कारण नाही.

परदेशी पैशाबद्दल फार लिहायची गरज नाही. परदेशी मिशनऱ्यांनी काढता पाय घेतला तेव्हा त्यांचे दवाखाने सांभाळायला १९७० साली इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन उभी राहिली, चिंचपाड्याचा दवाखाना तिचाच. चालवणारे भारतीयच आहेत. परदेशी देणगी आलीच तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर ती आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, म्हणजे सरकारच्या डोळ्यांसमोर. खरं दुखणं उलट आहे. बाहेरचा पैसा आटला आणि महाराष्ट्रातले कितीतरी मिशन दवाखाने ओस पडले. तिकडे जाणारा डॉक्टर श्रीमंत होत नाही, हे त्याच्या आईबापांना विचारा.

राहिला शेवटचा सल्ला, सरकारी केंद्रात जा. सल्ला चांगला आहे. सरकारी आरोग्यव्यवस्थेला पर्याय नाही, आणि तिथे निष्ठेनं राबणाऱ्या डॉक्टरांपुढे मी हात जोडते. पण हे आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहे असं कुणी ठरवलं? आरोळ्यांनी जामखेडला गावांनीच निवडलेल्या, बहुतेक अल्पशिक्षित, कित्येक दलित बायकांना आरोग्यसेविका केलं. वजन घेणं, जुलाबात साखर-मिठाचं पाणी देणं, अवघड बाळंतपण ओळखणं हे सगळं त्यांना शिकवलं. सेविका होण्यासाठी कुणाला ख्रिस्ती व्हावं लागलं नाही. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरातल्या अशा प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातली बाई गावाचं आरोग्य सांभाळू शकते हे तिथे दिसलं, आणि सरकारची आशा योजना आली २००५ साली.

शिवाय जागा भरलेल्या असत्या तर गोष्ट वेगळी. २०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची सुमारे ८० टक्के कमतरता होती. सर्जन नाही, भूलतज्ज्ञ नाही, बाळंतीण अडली की गाडी करून जिल्ह्याला. आपल्या सरकारी कॉलेजातून शिकलेल्याला एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बाँड असतो, आणि तो न पाळता दहा लाख दंड भरून सुटलेलेही आहेत. वेल्लोरला चर्चच्या शिफारशीवर शिकलेली मुलं दोन वर्षं मिशन दवाखान्यात काम करतात. तेव्हा गावात जा हा उपदेश ज्यांना करायचा आहे, त्यांनी तो आधी दंड भरून शहरात थांबलेल्यांना करावा. माझी भाची गावातच निघाली आहे.