तो व्हिडिओ कणकुंबीच्या रानातला नाही
‘कणकुंबीच्या रानात तीन पोरं हरवली, कॅमेरा तेवढा सापडला’ असं सांगत एक व्हिडिओ बेळगाव-खानापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. हे खोटं आहे. ती दृश्यं ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या १९९९ च्या अमेरिकन सिनेमातली आहेत. चित्रीकरण मेरीलँडच्या जंगलात, १९९७ साली, आठेक दिवसांत झालं. कॅमेरा कलाकारांनीच धरला होता, म्हणून तो इतका हलतो आणि सगळं खरं वाटतं. सिनेमा आला तेव्हाही त्यातल्या कलाकारांबद्दल ‘हे बेपत्ता आहेत’ अशी पत्रकं वाटली गेली. नायिकेच्या आईला तर सांत्वनाची पत्रं आली, आणि मुलगी सुखरूप होती! भीमगड अभयारण्याच्या कडेच्या वाड्यांतली आपली माणसं रोज रानातूनच ये-जा करतात. त्यांच्या घरच्यांना असला घोर लावू नका, व्हिडिओ पुढे पाठवू नका.