'नाचायला सुचतं कसं?' या प्रतिक्रियेला उत्तर

हितचिंतक (हेच नाव घेऊन लिहिलंय तुम्ही, म्हणून तसंच म्हणते),

डान्स मूव्हमेंट थेरपीवरच्या, म्हणजे हालचालींतून मनावर करायच्या उपचारावरच्या, माझ्या लेखाखाली 'ताई' म्हणून सुरुवात केलीत आणि लगेच, "वडील जाऊन वर्षही झालं नाही, नाचायला सुचतं कसं? दुःख घरात करायचं असतं, हॉलमध्ये नाही." मुद्द्याला माझी हरकत नसते. पण हा मुद्दा नाही, टोमणा आहे. जन्म पुण्यात, एरंडवण्यात गेलाय माझा, दोन्हींतला फरक कळतो.

सुचत नाही हो. शाळेत असल्यापासून कथक शिकलेय, त्यामुळे नाच कशाला म्हणतात ते मला सांगू नका. थेरपीच्या त्या हॉलमध्ये तत्कार नाही, सम नाही, बघायला कुणी बसलेलं नाही. बहुतेक वेळ तर आम्ही सतरंजीवर पडून श्वास कुठे अडतोय ते बघत असतो. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर हे दिसलं असतं.

बाबांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली होती. पलंगावरून व्हीलचेअरवर, व्हीलचेअरवरून कमोडवर, काखेत हात घालून, गुडघ्याला गुडघा टेकवून मीच त्यांना उचलायची. ते गेले आणि माझे खांदे कानाशी आखडून बसले ते बसलेच. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. मग या थेरपीत डोळे मिटून उभी राहिले. शरीराला जे करावंसं वाटेल ते करू द्यायचं, आणि दुसऱ्या एकाने नुसतं बघायचं, मत द्यायचं नाही. मेरी व्हाइटहाउस या बाईंनी १९५०च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत घडवायला सुरुवात केली. माझे हात आपोआप पुढे झाले, बाबांच्या काखेच्या उंचीवर येऊन थांबले. उचलायला कुणी नव्हतं. तेव्हा मी रडले. तुम्ही म्हणता त्या घरात नव्हते रडले, कारण तिथे मी भेटायला येणाऱ्यांचा चहा टाकत होते.

आणि शरीराने शोक करणं हे परदेशी फॅड, हेही तुम्हीच ठरवून टाकलंत. वैकुंठ स्मशानभूमीत माझा भाऊ खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फिरला, फेरीगणिक मडक्याला भोक पाडलं गेलं, शेवटी मागे न बघता त्याने ते टाकलं. याला काय म्हणता? मी बाजूला त्याचा चष्मा आणि मोबाइल धरून उभी होते. आमच्याकडे मुलीच्या वाट्याला एवढंच आलं. त्यावर प्रतिक्रिया लिहावी असं एकाही हितचिंतकाला वाटलं नाही.

बाकीचं थोडक्यात. फी लेखात लिहायला हवी होती, मान्य. आता विचारून घ्या. या थेरपीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, मॅरियन चेस, डॉक्टर नव्हत्या, नर्तकी होत्या, हा तुमचा शोध बरोबर आहे. तरी १९४२मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयाने त्यांना काम दिलं, ते नाच बसवायला नव्हे. थेरपीचा पुरावा म्हणाल, तर उपचारांवरचे अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५च्या आढाव्याला फक्त तीन अभ्यास सापडले, मिळून १४७ माणसं, तेही नैराश्यावर. त्यातून ठाम काही सांगता येत नाही असंच तिथे म्हटलंय. वाचलंय मी ते. माझे खांदे उतरले, मला पुरे.

"वडिलांच्या आत्म्याला काय वाटत असेल" हे तुमचं वाक्य मी काढून टाकलंय. बाबांना काय वाटलं असतं हे त्यांना कधी न भेटलेल्या माणसाने मला सांगायचं नाही. पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने टाका, नाहीतर प्रकाशित होणार नाही.