नव्या देशाला वळण कसे लावावे

समजा, उद्या तुमच्या ताब्यात एक नवाकोरा देश आला. घाबरू नका. झेंडा, राजमुद्रा, राष्ट्रगीत ही किरकोळ कामे. खरी अडचण लोकांच्या कानांची असते. लोक भलतेसलते ऐकतात.

म्हणून आधी एक अभिरुचीसंपन्न मंत्री शोधा. आपल्याला १९५२ साली सापडले होते, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. (मराठीच! दुसऱ्याला वळण लावायचे म्हटले की आपला माणूस पुढे असणारच.) त्यांनी आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचे ताट वाढले आणि सिनेमाची गाणी पंक्तीतून उठवली. गाण्याआधी चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरली, निर्माते रुसले, गाणी गेली. पेटी तर त्याआधीच हद्दपार होती; परदेशी वाद्य ना ते! ही बंदी १९४० सालची, म्हणजे इंग्रजांच्या अमदानीतली. पण चांगली गोष्ट परक्याकडूनही घ्यावी. आपण ती १९७१पर्यंत जपली. संगीत नाटकात पेटी वाजत होती, पण तिकडे दुर्लक्ष करावे.

आणि तुम्ही साधे नागरिक असाल तर? सरकारशी मुळीच वाद घालू नका. निमूटपणे रेडिओचा काटा फिरवा आणि सिलोन लावा. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानी 'बिनाका गीतमाला' घेऊन हजर. कार्यक्रम मुद्रित व्हायचा मुंबईत, फिती विमानाने जायच्या कोलंबोला, आणि तिथून शॉर्टवेव्हवर गाणी मायदेशी परत. खर्च टूथपेस्टवाल्यांचा. राष्ट्रीय एकात्मता इतक्या स्वस्तात कुठे मिळते?

कानांनंतर दिनदर्शिका घ्या. मेघनाद साहांच्या समितीने देशभरची पंचांगे चाळून एक नेटके राष्ट्रीय पंचांग सुचवले. २२ मार्च १९५७ला १ चैत्र १८७९ उजाडला. आपला चैत्र गुढीपाडव्याला येतो आणि सरकारचा २२ मार्चला, लीप वर्षी २१ला. पण दोन चैत्र असले म्हणून बिघडले कुठे? हौस असेल तर चेकवर शके घालून बँकेत जा. नियमाने तो घ्यावाच लागतो. फक्त खिडकीपलीकडचा चेहरा बघायला सोबत कुणाला तरी न्या.

गाण्यांपुढे मात्र सरकारने अखेर हात टेकले आणि विविध भारती सुरू केली. तारीख पाठच असेल तुम्हाला, ११ आश्विन १८७९.

नाही? बरं, ३ ऑक्टोबर १९५७.