‘लागणे’ला विसरलात!

एकाच शब्दाच्या अनेक अर्थांवरचा तुमचा लेख वाचला. इंग्रजीत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे आहे, हे त्यातलं विधान आता जुनं झालं. ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ला क्रियापद म्हणून सुमारे 430 अर्थ होते. पण पुढच्या सुधारणेत ‘रन’ 645 अर्थांसह पुढे गेलं. मी परळला रात्रशाळेत इंग्रजी शिकवते. दिवसभर काम करून आलेली मुलं या ‘रन’पाशी हमखास अडतात, कारण ती ‘धावणे’ एवढंच पाठ करून आलेली असतात. मग नळ कसा रन होतो? नाक कसं? दुकान? निवडणुकीला अमेरिकन माणूस ‘रन’ करतो आणि आपण ती लढवतो, हे सांगितलं की वर्ग जागा होतो.

पण ‘मराठीत इतका ताणला जाणारा शब्दच नाही’ हे लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. ‘लागणे’ घ्या की! भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागतं, आग लागते, नाद लागतो. दादरला गाडी फलाटाला लागते आणि कसारा घाटात तीच गाडी एखाद्याला ‘लागते’! शिवाय ‘रडायला लागला’, ‘जावं लागलं’ हे वेगळंच, तिथे तर तो व्याकरणाचं काम करतो. मुलांना आधी याची यादी करावी लागते (बघा, इथेही आलाच), मगच मी ‘रन’कडे वळते. परवा एकीने पंचवीस वाक्यं लिहून आणली, त्यात ‘बोलणं मनाला लागलं’ होतं. ते मलाही सुचलं नव्हतं.