‘घरी बसवले, विषय संपला’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मुंबई विमानतळावर ८ जून २०२४ रोजी एकाच धावपट्टीवर दोन विमाने आली आणि हवाई वाहतूक नियंत्रकाला दूर केले गेले, त्या घटनेसंबंधीच्या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु मी स्वतः निवृत्त नियंत्रक असल्याने ‘तुम्ही आपल्या बिरादरीची पाठराखण करता’ असे लिहिताना आपण लेखातील एकाही मुद्द्याला हात घातलेला नाही. लेखकाच्या हेतूवर शंका घेतली की त्याच्या म्हणण्याला उत्तर द्यावे लागत नाही, अशी आपली समजूत दिसते. टोपणनावाआडून दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या नोकरीवर शिंतोडे उडवणे सोपे असते.

चौकशीचा अहवाल प्रवाशांनाही वाचायला मिळावा, हे आपले म्हणणे मात्र रास्त आहे आणि ते मी मान्य करतो.

आता आपले मुख्य वाक्य : ‘चूक केली, घरी बसवले, विषय संपला.’ त्या दिवशी २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून तिरुवनंतपुरमला निघालेले विमान जमीन सोडण्यापूर्वीच इंदूरहून आलेले विमान तिथे उतरले आणि डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, संबंधित नियंत्रकाला कामावरून दूर केले. चौकशीपुरते बाजूला ठेवण्यात गैर काही नाही, असे मी लेखात स्पष्ट लिहिले होते. आपण तिथवर वाचलेले दिसत नाही. बाजूला ठेवणे हाच चौकशीचा निष्कर्ष मानला जातो, याला माझा आक्षेप आहे.

चुकांची माहिती सर्वांपर्यंत पोहोचली नाही तर काय होते, ते पाहा. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीचे बोइंग ७२७ माउंट वेदर या डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९२ जण दगावले. नियंत्रकाने उतरण्याच्या मार्गाची परवानगी दिली होती. खाली येण्यात धोका असता तर ती मिळालीच नसती, असे वैमानिकांनी धरले. डोंगर ओलांडेपर्यंत उंची राखणे हे वैमानिकाचे काम, असे नियंत्रकाने धरले. सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचे एक विमान नेमक्या याच गैरसमजातून, याच डोंगरावरून थोडक्यात बचावले होते. ती माहिती युनायटेडच्या वैमानिकांना मिळाली, टीडब्ल्यूएच्या वैमानिकांना मिळाली नाही. त्यानंतर अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने अशा घटना स्वतःकडे कळवण्याची सोय केली, पण परवाना रद्द करू शकणाऱ्याच्याच हाती आपला कबुलीजबाब द्यायला लोक धजेनात. म्हणून १९७६ मध्ये ते काम नासाकडे गेले. तिथे कळवणाऱ्याचे नाव काढून टाकतात, आणि हेतुपुरस्सर नसलेली चूक दहा दिवसांत कळवली तर सहसा दंड किंवा परवान्याचे निलंबन होत नाही. गुन्हा आणि अपघात या सवलतीत बसत नाहीत, त्यामुळे ‘सगळ्यांना मोकळे सोडा’ हे आपण माझ्या तोंडी घातलेले वाक्य माझे नाही.

‘परदेशातले दाखले इथे कशाला?’ असे आपण विचारता. मग इथलाच ऐका. मी ज्या टॉवरमध्ये काम करीत होतो, तिथे मिळत्याजुळत्या क्रमांकांची दोन विमाने रोज संध्याकाळी एकाच फ्रिक्वेन्सीवर येत. एकाला दिलेली उंची दुसऱ्याने आपली समजून रेडिओवर परत उच्चारली आणि ते आपल्या कानांतून निसटता निसटता राहिले, असे एका सहकाऱ्याने स्वतःहून लिहून दिले. त्यालाच कन्सोलवरून हटवण्यात आले. क्रमांक होते तेच राहिले. त्यानंतर मी तिथे असेपर्यंत कोणीही स्वतःहून काही लिहून दिले नाही. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि आपण ते ‘सरकारी बाबूंची रड’ म्हणून झटकून टाकता, याचा मला संताप येतो.

ढगात शिरलेल्या वैमानिकाला शेजारचे विमान दिसत नसते. ‘सात हजार फुटांवर या’ हे शब्द तो रेडिओवर परत म्हणून दाखवतो आणि नियंत्रक ते नीट ऐकत असेल, चुकले तर त्याच क्षणी दुरुस्त करील, या भरवशावर विमान खाली आणतो. प्रत्येक शब्द टेपवर जात असतो. ‘माझे चुकले, उंची बदला’ हे त्या टेपवर न कचरता बोलता आले, तरच तो भरवसा खरा ठरतो. आपल्या न्यायाने चालल्यास नियंत्रकाने त्या क्षणी आधी आपल्या नोकरीचा विचार करायचा काय?

पगार, संघटना आणि माझे निवृत्तिवेतन यांवरील आपल्या वाक्यांना मी उत्तर देणार नाही. उतरणारे व उडणारे विमान एका धावपट्टीवर किती अंतराने सोडायचे ठरले होते आणि त्या वेळी टॉवरमध्ये किती जण होते, यांपैकी एका तरी प्रश्नावर लिहा. ती प्रतिक्रिया मी जशीच्या तशी प्रसिद्ध करीन.