किडन्या जातात म्हणून इंजेक्शन सोडायचं? मामीला आलेल्या मेसेजला उत्तर

काल रात्री अंबाजोगाईहून मामीचा फोन आला. मामांना फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी दर तीन आठवड्यांनी इम्युनोथेरपी चालू आहे. "पुढचं इंजेक्शन नको बाबा, किडन्या जातात म्हणे." मग तिने मेसेज पाठवला: या इंजेक्शनने सगळ्यांच्या किडन्या निकामी होतात, क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनीचं काम मंदावलं की वाढतो) वाढलं तर स्टिरॉइड न घेता गोखरू-पुनर्नव्याचा काढा घ्या, रोज पाच लिटर पाणी प्या, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या बंद करा, एकदा त्रास झाला की हा उपचार कायमचा बंद.

"सगळ्यांच्या" हे धडधडीत खोटं आहे. असा त्रास शंभरात साधारण २ ते ५ जणांना होतो.

काढ्याचं वाचून मात्र डोकं फिरलं. हे औषध शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना मोकळं सोडतं. कधी त्याच पेशी किडनीत शिरतात आणि आतून सूज येते. हा मुतखडा नाही, काढ्याने वाहून जायला. ही सूज स्टिरॉइडने दबते, आणि लवकर दिलं तर जास्त. २०२० साली अमेरिकेतल्या किडनीतज्ज्ञांच्या संस्थेच्या नियतकालिकात अशा १३८ रुग्णांचा अभ्यास आला. बहुतेकांना स्टिरॉइड दिलं होतं. ४० टक्क्यांची किडनी पूर्ण सुधारली, ४५ टक्क्यांची काही प्रमाणात. काढा पीत महिना घालवला तर सुजेच्या जागी व्रण धरतो आणि तेवढी किडनी कायमची जाते. स्टिरॉइडने मामांची शुगर वाढेल, ती सांभाळता येते. फक्त गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, त्या चार-सहा आठवड्यांत हळूहळू कमी करतात.

पाच लिटर पाणी? लघवी कमी झालेल्या माणसाच्या ते फुफ्फुसात साचेल.

अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांचं, नाइलाजाने म्हणतो, अर्धं खरं आहे. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल घेणाऱ्यांत हा त्रास जास्त दिसला. मामा ती गोळी वर्षानुवर्षं चहाआधी घेतात. गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारायचं. आणि कंबरदुखीला मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, जी किडनीला त्रास देऊ शकते? त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही!

"कायमचा बंद" हेही खोटं. त्याच अभ्यासात ३१ जणांना इंजेक्शन पुन्हा दिलं, त्रास परतला ७ जणांना.

मामी, या दुखण्यात बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, म्हणून प्रत्येक इंजेक्शनआधी क्रिएटिनिन बघतात. लॅबच्या कागदावर १.३ नॉर्मलमध्ये बसेल, पण मामांचं नेहमीचं ०.८ आहे, त्यांच्यासाठी १.३ म्हणजे दीडपटीच्या वर. सोमवारी रक्त द्यायला जाताना जुने रिपोर्ट पिशवीत टाक.